तिसऱ्या प्रहराचा बाण

स्वतःच्या गावचा हिवाळा चिमाबाईनं पहिल्यांदा पाहिला तो साठी ओलांडल्यावर. त्याआधीचे सगळे हिवाळे मेंढरांमागं गेले. दिवाळी झाली की घोडीवर बिऱ्हाड चढवायचं, पिंपरी पेंढारहून ओतूर, मढ करत माळशेजचा घाट उतरायचा, खाली मुरबाडच्या अंगाला भातखाचरांतून मेंढरं बसवत फिरायचं. शेतकऱ्याला खत, आपल्याला भात. मृगाच्या आधी पुन्हा घाट चढून घरी. शिनोलीला बापाच्या घरी होती तेव्हा बापाच्या वाड्याबरोबर चालली, लग्न झाल्यावर राघूच्या. धनगराचा वाडा दगडमातीचा नसतो. मेंढरं, घोडी, कुत्री, दोन कोंबड्या आणि माणसं मिळून जे चालतं तो वाडा. थांबेल तिथं त्याचं घर.

त्यामुळं पौषात आपल्याच अंगणात शेवंती फुलते हे तिला ठाऊक नव्हतं. लावली तिनंच होती, पावसाळ्यात. फुलताना कधी बघितली नव्हती.

गेल्या साली घाट उतरताना गुडघा मुरगळला. नारायणगावच्या डॉक्टरनं फोटो काढून दाखवला आणि सांगितलं, आता चालणं बंद. चिमाबाईनं विचारलं, "बंद म्हंजी किती दिस?" डॉक्टर हसला. त्याच्या हसण्यातच तिला कळलं.

बिऱ्हाड मांडायला बाई तर हवी. मग सून प्रांजल निघाली, आणि नव्या नवरीला एकटीला कुठं पाठवायचं म्हणून पोरगा सूरजही निघाला. सूरज शिकलेला. पुढच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर होता, सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचे दाखले, पोरांच्या परीक्षेचे फॉर्म अशी कामं तो करायचा. गावाचं निम्मं कागदपत्र त्या डब्यात. तो बंद ठेवून सात महिने जायचं म्हणजे धंदा बसलाच.

"बंद कशाला ठेवायचा?" सूरज म्हणाला. "आय, तू घरी हाईसच की. तू निस्तं चालू करायचं. बाकी मी तिकडनं मोबाईलवरनं चालवतो."

"तिकडनं? घाटाखालनं?"

"व्हय."

"आन् हितं कोण बसणार?"

"कोणी न्हाई. बाण आपला आपला फिरंल."

चिमाबाईनं मान हलवली. पोरगं वाड्याबरोबर जायला मिळणार म्हणून काहीतरी बडबडतंय असंच तिला वाटलं. पण जायच्या आदल्या दिवशी सूरजनं चालू करायच्या बटणावर प्रांजलची लाल टिकली चिकटवली, कागद कुठं घालायचा, दाखला काचेवर कसा पालथा ठेवायचा ते तीनतीनदा दाखवलं, आणि अंगणात जाऊन उभा राहिला. हातात मोबाईल. चिमाबाई आत खुर्चीत, हात मांडीवर. पडद्यावरचा पांढरा बाण हलला. सर्रकन वर गेला, एक चौकट उघडली, मिटली.

"आता गं बया," चिमाबाई म्हणाली.

वाडा निघाला त्या सकाळी ती वेशीपर्यंत गेली. प्रांजल घोडीचा दोर धरून सगळ्यांत पुढं. ती जागा चिमाबाईची. बिऱ्हाडवाली बाई घोडी घेऊन पुढं जाते, मुक्कामाची जागा धरते, चूल मांडते, आणि मागनं पुरुषमाणसं मेंढरं घेऊन तिथं येतात. राघूच्या वाड्यात जागा ठरवायची ती चिमाबाईनं, हा दंडक. तिची पारख होती. पाणी हाकेच्या अंतरावर हवं. बाभळीखाली नको, काटा मोडतो. रस्त्याकडेला नको, ट्रकच्या उजेडानं मेंढरू बुजतं. जमीन वाईच उतरती हवी, मुताची दलदल होत नाही. एवढं सगळं ती जागेवर उभी राहून चहा निवायच्या आत बघायची. राघूनं अडतीस वर्षांत एकदाही "इथं का?" म्हणून विचारलं नव्हतं. काठी जमिनीत रोवायचा आणि बसायचा, की झालं.

त्या सकाळी राघू मेंढरांच्या मागं होता. वेशीपाशी आला, थांबला, मागं वळून बघितलं, पुन्हा चालला. त्याची चालायची रीतच ती. दहा पावलं जायचं, थांबायचं, वळून कळप बघायचा, मग पुढं. त्या दिवशी मेंढरं पुढं होती. तरी तो मागं वळला.

*

दुकान चाललं. गावाला नवल वाटायचं ते पंधरा दिवस वाटलं, मग सवय झाली. लोक यायचे, चिमाबाई टिकलीवर बोट दाबायची, सूरजला फोन लावून माणसाच्या हातात द्यायची, आणि कागद काचेवर पालथा घालायची. मग घाटाखालच्या कुठल्यातरी टेकाडावर रेंज धरून उभा असलेला सूरज बाण पळवायचा. छापायचं यंत्र घरघरायला लागलं की चिमाबाई म्हणायची, "थांबा, दळण पडतंय."

शेजारचा भिका राघूचा जोडीदार. त्याची कांद्याची वावरं आणि जिभेला हाड नाही. तो आला की म्हणायचा, "वैनी, चालू हाय का तुमचा भुताटकीचा डबा?"

"हाय की. बसा. भूत जेवाय गेलंय, आत्ता यील."

"आन् भुताचा बाप काय म्हणतो?"

राघू फोनवर बोलणारा माणूसच नव्हता. सूरज मोबाईल त्याच्या हातात द्यायचा. राघू तो कानापासून वीतभर लांब धरून ओरडायचा, "बरं हाय का?"

"बरं हाय. तुमी?"

"बरं हाय. ठिवतो."

झालं. अडतीस वर्षांचा संसार एवढ्यात बसायचा. चेहरा दिसतो तसा फोनही सूरजनं एकदोनदा लावून बघितला, पण तिकडची रेंज इतकी मरतुकडी की राघूचं तोंड चौकोनी ठिगळांचं दिसायचं, पागोटं एकीकडं, मिशी दुसरीकडं. "असलं आमंगळ नगं दावू," चिमाबाई म्हणाली. मग तेही राहिलं.

तशी बोलायची सवय त्यांना नव्हतीच. वाड्यात दिवसभर दोघं कोसभर अंतरावर असायची. पण तिला ठाऊक असायचं, आत्ता तो कुठल्या ओढ्यात असेल. दुपार कलायला लागली, तिसरा प्रहर लागला की मेंढरं सावलीला बसतात, तोंडं हलवत रवंथ करतात. तेव्हा राघू काठी आडवी टाकून कळपाकडं तोंड करून बसायचा आणि चिमाबाई तळावरनं उठून त्याला भाकरी घेऊन जायची. तेवढा वेळ दोघांचा. त्यातही बोलणं नव्हतंच. तो भाकरी खायचा, ती मेंढरांच्या खुरातले काटे काढायची.

आता रोज तो प्रहर आला की तिचे हात मोकळे पडायचे. ती उगीच उठून चुलीपर्यंत जायची. शिनोलीहून भाऊ कुंडलिक दोनदा येऊन गेला, "चल ताई, चार दिस माहेराला," म्हणाला. "डबा कुणाच्या जीवावर टाकू?" असं म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं. खरं कारण तिचं तिलाच ठाऊक होतं. शिनोलीला गेली असती तर ती आणखी लांब गेली असती. कळपाची वाट तरी पेंढारवरनं जाते.

*

माघातला एक दिवस. तिसरा प्रहर. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. सकाळी कुणाचा तरी दाखला काढून झाला होता आणि डबा तसाच चालू राहिलेला. चिमाबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. सहज नजर आत गेली तर बाण हलत होता.

सूरजचा बाण तिला आता ओळखू यायचा. तो माशीसारखा. इथं बसला, तिथं बसला, उडाला. हा बाण तसा नव्हता. हा हळूहळू पुढं सरकला. थांबला. मागं वळला. तिथंच वाईच घुटमळला, आणि पुन्हा पुढं गेला.

लसणाची परडी खाली ठेवून चिमाबाई उठली.

दहा पावलं, थांबणं, मागं वळून बघणं.

"अवो," ती पडद्याला म्हणाली. "तुमी हाय व्हय?"

बाण पुढं गेला आणि कडेला जाऊन अडकला. तिकडं बोट घसरलं असावं. मग इतका वेळ हललाच नाही की चिमाबाईला वाटलं, गेला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्या उंदरावर हात ठेवला. सूरज त्याला माऊस म्हणायचा, ती उंदीरच म्हणायची. हात ठेवला तसा बाण तिच्या हातानं सुटला, बुजल्या मेंढरासारखा पार दुसऱ्या टोकाला गेला. मग तिकडनं त्यानं धरला. बाण थरथरायला लागला. दोघं एकदम ओढत होती. तो इकडं नेतोय, ती तिकडं नेतेय.

"सोडा की!" चिमाबाई मोठ्यानं म्हणाली आणि हसली. कितीतरी महिन्यांनी तिला स्वतःचं हसू ऐकू आलं.

थोड्या वेळानं सूरजचा फोन आला. "आय, आबांनी मोबाईल मागितला मगाशी. म्हणले, घरचा बाण कसा फिरवतो ते दाव. कधी न्हाई ते. तुला दिसलं का काय?"

"दिसलं."

"वळीखलंस?"

"तुजा बा चालला तर वळखू यीना व्हय मला?"

त्या दिवसापासून नेम पडला. तिसऱ्या प्रहरी मेंढरं सावलीला बसली की सूरज घरचा डबा मोबाईलवर जोडून द्यायचा, चित्र काढायचं कोरं पान उघडून द्यायचा, आणि मोबाईल बापाच्या हातात देऊन आपण कोकरं बघायला जायचा. बोट टेकून ओढलं की रेघ उमटते, एवढं राघूला कळलं. त्याला अक्षर येत नव्हतं, चिमाबाईलाही नाही. त्यानं पहिल्या दिवशी नुसती वाकडी रेघ काढली. तिनं बघितलं, बघितलं, आणि एका ठिकाणी रेघ मुरडून आत गेली तसं तिच्या ध्यानात आलं. हा तर नाल्याचा वळसा, पुलाच्या अलीकडचा. रेघ म्हणजे वाट.

रेघेच्या शेवटी त्यानं एक वाटोळं काढलं. आजचा मुक्काम.

चिमाबाईनं उंदीर धरला. सूरजनं फोनवर सांगितलेलं, डावं बटण दाबून धर आणि ओढ. दोनदा हात घसरला, पान खराब झालं. तिसऱ्यांदा तिनं नाल्याच्या पलीकडं एक वाटोळं काढलं आणि त्यावर बाण आपटला, आपटला, आपटला. अलीकडं न्हवं, पलीकडं. अलीकडं बाभळी हायेत.

बाण वाईच थांबला. मग तिच्या वाटोळ्यात येऊन बसला.

संध्याकाळी सूरजचा फोन. "आय, मांडलेली चूल उठवली आज आबांनी. प्रांजलनं भात टाकला व्हता. म्हणले, पलीकडं चला. काय झालं काय इचारलं तर बोलंनात."

"काटं हायेत तिथं," चिमाबाई म्हणाली. "प्रांजलला म्हणावं, रागवू नगंस."

मागनं प्रांजलचा आवाज आला, "रागवती कशाला आत्याबाई, पण भात टाकायच्या आधी सांगत जावा!"

फाल्गुन गेला तसा. एक दिवसाआड, कधी रोज, घाटाखालची सगळी वाट त्या कोऱ्या पानावर उमटत गेली. चिमाबाईला उभी वाट पाठ होती. कुठल्या विहिरीचा मालक पाणी देतो, कुठल्या शेतातली म्हातारी मेंढराला शिव्या देते पण ताक पाजते. ती घरात बसून जागा धरायची आणि साठ-सत्तर मैलांवर काठी रोवली जायची. प्रांजल आता रोज दुपारी स्वतःच विचारायला लागली, "आबा, आत्याबाईंनी कुठं सांगितलं?" भिका एकदा दारातनं डोकावला तर चिमाबाई पडद्यापुढं जिभेचं टोक दातात धरून वाटोळं काढत होती.

"वैनी, ह्ये काय, शाळेत नाव घातलं का?"

"वाडा हाकतीय," चिमाबाई म्हणाली. भिकानं पायताण काढलं आणि उंबऱ्यात टेकला.

*

चूक झाली ती चैत्रात.

टोकावड्याच्या पुढं, रस्ता सोडून कोसभर आत, तीन आंब्यांचा माळ होता. ऐन उन्हाळ्यात तिथं झऱ्याला पाणी. चिमाबाईनं तिथं कितीदा तळ टाकला होता. तान्हा सूरज त्याच माळावर झोळीत झोपलेला. दोन साल वाडा दुसऱ्या अंगानं उतरल्यामुळं तिकडं जाणं झालं नव्हतं, एवढंच. राघूनं रेघ काढली, रेघेला फाटा फुटला, एक रस्त्यानं पुढं आणि एक आत. बाण फाट्यावर थांबला. चिमाबाईनं जरासुद्धा विचार न करता आतल्या अंगाला वाटोळं ठोकलं.

दुसऱ्या दिवशी तिसरा प्रहर आला, गेला. बाण आला नाही. अंधारायच्या आधी फोन आला. सूरज होता, आवाज बसलेला.

"आय, तिथं माळ न्हाई आता."

"म्हंजी?"

"भित हाय. पुरुषभर उंच. आत बंगलं. लोखंडाचं फाटक, वाचमन. आंबं तोडल्यात. झरा आत गेला, त्याची पोहायची टाकी केली, निळी निळी. बाहेरनं नुसती दिसती."

"मेंढरांनी पाणी…"

"कुठलं? वाचमन बिचारा भला. बादलीनं कोकरांना दिलं त्यानं, कुणी बघायच्या आत. पण एवढ्या मेंढरांना काय पुरतंय? उन्हात कोस आत गेलो, कोस बाहीर आलो. दोन कोकरं गेली, आय. माघातली."

चिमाबाई खाली बसली. गुडघा वाकत नव्हता तरी बसली.

"त्ये काय म्हणत्यात?"

"आबा? काय बी न्हाई. कोकरं पुरली आन् बसल्यात." मग सूरज समजुतीच्या सुरात म्हणाला, "आय, तू मनाला लावून घिऊ नगंस. तुजी काय चूक न्हाई. पण आता जागा तू नगं सांगत जाऊ. मोबाईलवर वरनं समदं दिसतं. झाड दिसतं, भित दिसती, पाणी दिसतं. प्रांजल बघून ठरवत जाईल."

"बरं," चिमाबाई म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती भिंतीला म्हणाली, "वरनं बघून जमीन कळती व्हय!" पण त्यात जोर नव्हता. तिचं तिला दिसत होतं. तिच्या डोक्यातली वाट जुनी झाली होती. पायाखालनं गेलेली वाट दर साली नवी होते. बसल्या जागी ती शिळी होते आणि शिळी झालेली कळत नाही.

पुढं नऊ दिवस बाण आला नाही. म्हणजे सूरजचा यायचा, दाखले निघायचे, दळण पडायचं. पण तिसऱ्या प्रहरी चिमाबाई टिकली दाबून खुर्चीत बसायची आणि पांढरा बाण पडद्याच्या मधोमध मेल्यासारखा पडून असायचा. ती त्याला हात लावायची नाही. रागावलेत, तिला वाटायचं. मग वाटायचं, रागावणारा माणूस न्हवे. मग त्याहून वाईट वाटायचं, की रागावलेले नाहीत, सवय झाली असेल. प्रांजल जागा धरते, हे काठी रोवतात, चाललंय. अडतीस सालांचं तिचं काम एका मोबाईलनं नऊ दिवसांत उचललं असेल. मग तिथं तिचं काय राहिलं? एक नाव राहिलं, घरी मागं राहिलेल्या बाईचं.

*

दहाव्या दिवशी बाण हलला.

दहा पावलं, थांबणं, मागं वळणं. तोच. पान उघडलं, रेघ सुरू झाली. ती खालनं वर निघाली, आणि मग एक वळण, दुसरं, तिसरं, सापासारखी वळत वळत वर. घाट. वाडा परत फिरला होता. आणखी बारा-चौदा दिवसांत वर येणार.

घाटमाथ्यावर रेघ संपली. तिथनं त्यानं तीन फाटे काढले आणि बाण मधोमध आणून ठेवला. घाट चढून आल्यावरचा पहिला मुक्काम. थकली मेंढरं, पोटुशी मेंढरं, दोन दिवस तरी बसवायला लागतात. सालातली सगळ्यांत अवघड जागा ती.

वाटोळं त्यानं काढलं नाही. तो विचारत होता.

चिमाबाईनं उंदरावर हात ठेवला. बाण थरथरला, म्हणजे तिकडं त्याचंही बोट टेकलेलं. तिला त्याच्या बोटाची भेगाळ कड दिसली जणू. तिनं हात काढून घेतला. नाही म्हणायचं कसं, ते त्या पानावर येत नव्हतं. बाण तसाच उभा राहिला. बराच वेळ. इतका वेळ राघू बसून राहिला म्हणजे मेंढरं उठली असतील, सूरज हाका मारत असेल. मग पडद्यावरची चौकट मिटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन फाटे, मध्ये बाण.

त्या संध्याकाळी तिनं भिकाला गाठलं. "भावजी, मढच्या पुढं, धरणाच्या फुगवट्याला, पाणी हटलं असंल का?"

"हटलं असणार. पण औंदा लोकांनी गाळात काकड्या-कलिंगडं केल्यात म्हणं. मोकळं किती ऱ्हायलं, द्येवाला ठावं. का वो?"

"काय न्हाई."

सकाळी टिकली दाबली नाही. दाराला कडी घातली, काठी घेतली आणि रस्त्यावर येऊन कल्याणकडं जाणारी एसटी धरली. पायरी चढताना कंडक्टरनं हात दिला. "आज्जी, एकट्या? कुठं?"

"मढच्या पुढं. धरण दिसाय लागलं की उतरवा."

"कुणाकडं?"

"जागा बघायची हाय."

"पलाट घेताय का काय?" कंडक्टर हसला.

"व्हय. दोन दिसांसाठी."

उतरून ती उभ्या उतारावरनं खाली निघाली. गुडघा पावलापावलाला बोलत होता. वरच्या अंगाला खरंच काकड्यांचे वेल होते, काट्यांची कुपाटी घातलेली. वरनं मोबाईलमधनं बघणाऱ्याला हे सगळं हिरवं हिरवं, मोकळंच दिसलं असतं. ती पुढं गेली. जांभळीच्या रांगेपलीकडं जमीन उघडी होती. तिनं काठीनं उकरलं, माती हातात घेतली, वास घेतला. पाणी हाकेवर. बाभूळ नाही. उतार वाईच, पाण्याकडं. रस्ता लांब.

काकड्या खुडणारी एक बाई कंबरेवर हात ठेवून बघत होती. भागू तिचं नाव. "कुणाला धुंडताय, मावशी?"

"ही जांभळीपल्याडची जागा कुणाची?"

"आता पाणी हटलंय तवर आमचीच म्हणायची. का?"

"आमचा वाडा यायचाय घाटाखालनं. दोन दिस बसवू का मेंढरं?"

"अगं बसवा की, बया! खत व्हईल. चार दिस बसवा. पर येलाकडं एक जरी मेंढरू आलं ना…"

"न्हाई यायचं. मी सांगती त्यास्नी."

भागूनं तिला दोन काकड्या दिल्या. चिमाबाईनं जांभळीखाली बसून एक खाल्ली. इथंच थांबावं असं तिच्या फार मनात आलं. बारा दिवसच तर राहिलेत. तीन दगड मांडले की झालं. घाटाकडं तोंड करून ती किती वेळ बसली, तिलाच कळलं नाही. मग काठी टेकून उठली. इथं थांबली तर राघूला कळणार कसं, आणि तिकडं बाण येऊन परत गेला तर? घरी पोचेस्तोवर गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहराच्या आधीच ती खुर्चीत होती. पाय पाटावर, गुडघ्यावर एरंडाचं पान. बाण आला. पान उघडलं. घाट, वळणं, तीन फाटे. बाण मध्ये.

चिमाबाईनं उंदीर धरला. आधी तिनं वरच्या अंगाला आडव्या रेघा मारल्या, फुली, फुली, फुली. इकडं मेंढरू जाऊ द्यायचं न्हाई. मग सात-आठ उभ्या रेघा, जांभळी. आणि त्यांच्या पल्याड तिनं वाटोळं काढलं. वाटोळ्याची दोन्ही टोकं जुळली.

तिनं हात काढून घेतला.

बाण जागचा हलेना. दोन कोकरं, पुरुषभर भिंत, निळं पाणी, सगळं त्या गप्प उभ्या बाणामागं तिला दिसत होतं. मग बाण निघाला. हळू. थांबला, मागं वळला, पुढं आला. फुल्यांच्या कडेकडेनं आला, जांभळींना वळसा घातला, वाटोळ्यात शिरला आणि बसला.

तो उठला नाही. काम झालं म्हणून चौकट मिटली नाही. नुसता बसून राहिला. चिमाबाईही बसून राहिली, पडद्याकडं तोंड करून.

दारात भिका आला. हातात कागदाची सुरळी. "वैनी, पीकविम्याचा कागद काढायचा व्हता. आजची शेवटची तारीख हाय म्हणं."

चिमाबाईनं मान वळवली नाही.

"वाईच दम धरा, भावजी," ती हळू आवाजात म्हणाली. "आमचं ह्ये आत्ताच बसल्यात."